पुरुषांची आत्मचरित्रे आणि घरची चूल



मराठी पुरुषाच्या आत्मचरित्रात शिक्षण, नोकरी, चळवळ आणि तुरुंगवास यांचे वर्णन विस्ताराने येते. रोजचा स्वयंपाक मात्र क्वचितच येतो. तो कोणत्या प्रसंगी येतो, हे पाहिले असता आपल्या पुरुषत्वाच्या कल्पनेवर बराच प्रकाश पडतो.

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध झाला. १८५७ च्या धामधुमीत वरसईहून उत्तर हिंदुस्थानात गेलेल्या भिक्षुकाची ती हकीकत आहे. सोवळ्याच्या नियमामुळे अशा प्रवाशाला मुक्कामावर स्वहस्ते शिजवावे लागे. त्यात कमीपणा नव्हता, उलट शुचितेचा अभिमान होता. घरी परतल्यावर मात्र चूल बायकांचीच होई. धर्मानंद कोसंबी यांनी ‘निवेदन’ (१९२४) मध्ये काशीच्या अन्नछत्रातील दिवस सांगितले आहेत. ज्ञानासाठी सोसलेले ते हाल तपश्चर्या ठरले. मागे राहिलेल्या पत्नीची व तान्ह्या मुलीची चूल हा त्या कथेचा विषय नव्हे.

या परंपरेला छेद देणारे एक पुस्तक आपल्याच परिसरातले आहे. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) उदगीर भागातील दलित जीवनातून आले. औराद आणि उदगीर हे दोन्ही तालुके एकेकाळी बीदर जिल्ह्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी औराद म्हैसूर राज्यात आणि उदगीर मुंबई राज्यात गेले. सोनकांबळे यांनी सांगितलेली पोरक्या मुलाची भूक हे व्रत नाही; ती जातीने आणि दारिद्र्याने लादलेली आहे. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्येही (१९७८) मुलाला वाढविणाऱ्या आईचे कष्ट कथेच्या मध्यभागी येतात. आपण दुसऱ्याच्या भाकरीवर जगलो, हे पुरुषाने संकोच न बाळगता लिहावे, यात मोठे धैर्य आहे. आत्मनिर्भर पुरुषाची प्रतिमा तेथे गळून पडते आणि अन्न देणारा हात दिसू लागतो.

आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी उतारवयात आठवणी लिहितात. त्यांना एवढीच विनंती की, परीक्षेतील यशाबरोबर पहाटे जात्यावर कोण बसले, ज्वारीची भाकरी कोणी थापली आणि घरात सर्वांच्या शेवटी कोण जेवले, हेही लिहावे. त्या नोंदीवाचून आपल्या भागाचा इतिहास अर्धाच राहील.