सोपाऱ्याची गोष्ट आणि सयामचा डोंगर

आमच्या वटारहून आणि आसपासच्या गावांतून हल्ली पुष्कळ मंडळी थायलंडला जाऊन येतात. आपल्या वाडवडिलांच्या तोंडी ह्या देशाचे नाव सयाम होते. 1939 साली तेथील सरकारने ते बदलले. बँकॉकला विमान जेथे उतरते त्या विमानतळाला सुवर्णभूमी म्हणतात. तो 2006 साली उघडला. तेथून परतलेल्या माणसाला काय पाहिलेस म्हणून विचारा, दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, देवळे सोन्याने मढवलेली आहेत. दुसरे, तेथे सगळे आपलेच आहे हो, आपणच दिलेले आहे. पहिल्याबद्दल आमची तक्रार नाही. दुसऱ्याचा मात्र आज जरा हिशेब पाहू. आम्ही कॉलेजची पायरी चढलेली नाही. युनियनच्या कचेरीतून रात्री घरी आल्यावर ग्रंथालयाची पुस्तके वाचून जे पदरी पडले तेवढेच आमचे भांडवल. पण हिशेब तपासण्याची सवय आहे.

सुरुवात घराजवळून करू. वटारपासून सोपारे सायकलीच्या टप्प्यात आहे आणि दक्षिणेला थोड्याच मैलांवर भुईगाव. सोपाऱ्याला 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांना भातेला तळ्याजवळ एक फुटका शिलाखंड सापडला. तो सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा. पुढे 1956 साली भुईगावला दुसरा मिळाला, तो नवव्या लेखाचा. अशोकाचे मोठे शिलालेख चौदा. त्यांतले नेमके हे दोनच आपल्या वाट्याला आले. त्यांत सांगितले आहे ते असे. पूर्वीचे राजे मृगयेसाठी आणि मौजेसाठी फिरत. अशोक मात्र राज्याभिषेकाच्या दहा वर्षांनंतर बोधिवृक्षाकडे गेला आणि तेव्हापासून त्याने धम्मयात्रा सुरू केली. ह्या यात्रेत श्रमणब्राह्मणांना भेटावे, वृद्धांना साहाय्य करावे, खेड्यापाड्यांतील लोकांशी बोलावे, ही त्याची कल्पना. हा झाला आठवा लेख. नवव्यात सणासमारंभांचा विचार आहे. आजारपण, लग्न, मूल होणे, प्रवासाला निघणे, अशा प्रसंगी लोक नाना मंगलविधी करतात. करावेत, पण त्यांचे फळ थोडे. ज्याचे फळ मोठे असे मंगल म्हणजे दास आणि भृतक ह्यांच्याशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राण्यांशी संयमाने वागणे. भृतक म्हणजे मजुरीवर काम करणारा. सव्वाबावीसशे वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या गावी दगडावर मजुराचे नाव निघाले होते, हे आम्ही प्रथम वाचले त्या रात्री फार वेळ झोप आली नाही.

परदेशच्या यात्रा आणि सण ह्यांविषयी बोलायला हे दोन तुकडे पुरेसे आहेत. पण सोपाऱ्याची खरी मिरास निराळीच आहे, ती म्हणजे एक गोष्ट.

पूर्ण हा सोपाऱ्याचा व्यापारी. संस्कृत दिव्यावदानात तो एका धनिकाला दासीपासून झालेला मुलगा आहे. बापाच्या मागे सावत्र भावांनी त्याला वाटा दिला नाही. रस्त्यात लाकडाची मोळी घेऊन जाणाऱ्या माणसाजवळ त्याने मूल्यवान चंदन ओळखले. सोपाऱ्याच्या राजाला ताप आला तेव्हा तेच चंदन उपयोगी पडले आणि पूर्णाचे दैव फिरले. पुढे समुद्रावर सहा सफरी करून तो मोठा सार्थवाह झाला. पाली परंपरेत जन्माची ही कथा नाही, पण गाव तेच: सुनापरान्त देशातले सुप्पारक पट्टण, म्हणजे आपले सोपारे. व्यापाराला श्रावस्तीस गेला असता त्याने बुद्धाचा उपदेश ऐकला, भिक्खू झाला आणि परत आपल्या मुलखात जायची परवानगी मागितली. बुद्धाने विचारले, तुझ्या देशचे लोक तापट आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर? पूर्ण म्हणाला, हाताने मारले नाही म्हणजे भले लोक आहेत असे समजेन. हाताने मारले तर? दगड मारले नाहीत म्हणून भले समजेन. अशी पायरी पायरीने ती प्रश्नोत्तरे जिवे मारण्यापर्यंत जातात, आणि तेथेही पूर्ण डगमगत नाही. मिल-गेटवर ज्यांच्या सभा उधळल्या गेल्या आहेत त्यांनी हा संवाद मुळातून वाचावा. आम्हांला तो फार उपयोगी पडला आहे, जरी पूर्णाइतकी शांती आम्हांला कधी साधली नाही.

अट्ठकथेत पुढचा भाग येतो. पूर्णाचा धाकटा भाऊ गलबतावरून गेला, रक्तचंदनाच्या बेटावर वादळात सापडला, पूर्णाच्या प्रभावाने वाचला. परत आलेल्या व्यापाऱ्यांनी त्या चंदनाचा मंडप बांधला आणि बुद्धाला बोलावले. वाटेत बुद्ध सच्चबंध नावाच्या डोंगरावर उतरले, तेथल्या तापसाला त्यांनी धर्म शिकवला. परतताना नर्मदेच्या काठी एक आणि त्या डोंगरावर एक अशी दोन पावले त्यांनी उमटवली. डोंगरावरचे पाऊल घट्ट खडकावर, पण जणू ओल्या मातीत उमटावे तसे.

आता सयामला जाऊ. बँकॉकच्या ईशान्येस सरबुरी प्रांतात फ्र फुत्थबाट नावाचे देवस्थान आहे. ह्या नावाचा अर्थच बुद्धपाद, बुद्धाचे पाऊल. अयुध्येचा राजा सोंगथाम 1611 ते 1628 ह्या काळात राज्य करीत होता. त्याच्या वेळी सयामी भिक्खू सिंहलद्वीपाला पाऊल पुजायला गेले. तेथील लोकांनी त्यांना म्हटले की एक पाऊल तुमच्याच देशात आहे, येथवर कशाला आलात? शोध सुरू झाला. बुन नावाच्या शिकाऱ्याने एका हरणाला बाण मारला. ते झाडीत शिरले आणि क्षणात धडधाकट होऊन बाहेर आले. शिकारी आत जाऊन पाहतो तो खडकात पावलाच्या आकाराचा खळगा आणि त्यात पाणी. अशी तेथली आख्यायिका आहे. राजाने त्यावर मंडप उभारला आणि अयुध्येचे राजे लवाजम्यासह तेथे यात्रेला जाऊ लागले. त्या टेकडीचे नाव काय असेल? सत्यबंधगिरी! पूर्णाच्या गोष्टीतला तोच डोंगर, तोच तापस, तेच पाऊल.

थोडक्यात, सोपाऱ्याची गोष्ट सयामच्या डोंगरावर नेऊन बसवली आहे. ती आमच्या बंदरातल्या गलबतातून सरळ गेली असे म्हणण्याचा मोह होतो, आणि तो आवरला पाहिजे. पाली अट्ठकथा सिंहलद्वीपात सिद्ध झाल्या आणि तेथील थेरवादी परंपरेबरोबर ब्रह्मदेश व सयाम ह्या देशांत गेल्या. गोष्ट गेली ती लंकेच्या वळशाने. ब्रह्मदेशानेही ती सोडली नाही. सुनापरान्त म्हणजे आमचाच मुलूख, असे ते लोक म्हणतात, आणि श्वेसेट्टॉ येथे पूर्णाच्या गोष्टीतली पावले पुजतात. तेव्हा 'आपण दिले' म्हणताना आपल्याला विचारले पाहिजे की आपल्याकडे काय राहिले?

काही वर्षांपूर्वी आम्ही व युनियनमधले तिघे सहकारी आषाढात सरबुरीला होतो. आषाढी पौर्णिमेला आपल्याकडे गुरुपौर्णिमा. तेथे दुसऱ्या दिवशी भिक्खूंचा वर्षावास सुरू होतो. ह्या दिवसांत आसपासच्या डोंगरांवर आले-हळदीच्या कुळातले एक रानफूल येते, पिवळे, पांढरे, जांभळे. त्याला तेथले लोक वर्षावासाचेच फूल म्हणतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे ती फुले आणि उदबत्त्या घेऊन बसतात. भिक्खू रांगेने येतात, त्यांच्या भिक्षापात्रात भाताऐवजी फुले पडतात. पाच फण्यांच्या नागांनी कठडे सजवलेल्या पायऱ्या चढून ते ती फुले पावलावर वाहतात. ते उतरू लागले की लोक त्यांच्या पायांवर पाणी घालतात. आमच्यापैकी एकजण तीस वर्षे गिरणीत काढलेला गृहस्थ. तो म्हणाला, पंढरीला निघालेल्या वारकऱ्याचे पाय धुतात तसे हे. आम्ही त्याला 'सगळे आपलेच' म्हणू दिले नाही, पण डोळे त्याचे भरले होते, तेव्हा वादही घातला नाही.

ह्या वर्षावासाचा शेवटही पाहण्यासारखा आहे. पावसाळा संपला की पुढचा एक महिना 'कथिन' चालते. गावोगावचे लोक भिक्खूंना नवी वस्त्रे देतात. एका विहाराला वर्षातून एकदाच कथिन मिळते. त्यासाठी गावकरी, गिरण्यांतले कामगार, कचेऱ्यांतले कारकून वर्गणी काढून लांबच्या विहाराला जातात. 'चुल कथिन' म्हणून एक प्रकार आहे. त्यात कापसाचे सूत काढणे, विणणे, रंगवणे, शिवणे आणि अर्पण करणे हे सारे एका अहोरात्रात उरकायचे. अख्खे गाव रात्रभर जागते. राजाचे कथिन कधीमधी नावांच्या मिरवणुकीने निघते. 2024 च्या ऑक्टोबरात बँकॉकला बावन्न नावा अरुण विहाराकडे गेल्या आणि त्यांत सुवर्णहंसाच्या तोंडाची नाव होती. छायाचित्रे तिचीच जास्त निघतात. आमचे मन चुल कथिनाच्या मागावर बसणाऱ्या बायकांकडे गेले.

कारण ह्याच्या बरोबरीचा कागद आपल्याकडे आहे, फक्त तो दगडावर आहे. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात ह्याचा लेख आहे. त्याने लेणे दिले आणि तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव, ठेवली. ठेवली कोठे? राजाच्या खजिन्यात नव्हे, सावकाराकडे नव्हे. गोवर्धनच्या कोलिक-निकायांकडे, म्हणजे विणकरांच्या संघांकडे. दोन हजार एका संघाकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसऱ्या संघाकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत करायचे नाही, व्याज तेवढे खर्चायचे. दोन हजारांच्या व्याजातून त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. गुणाकार करून पाहा: वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते आणि वीस बारे दोनशे चाळीस. हिशेब पैशाला पैसा जुळतो. आणि हे सर्व निगमसभेत, म्हणजे आजच्यासारख्याच नगरवासीयांच्या सभेत, वाचून दाखवले असे लेख सांगतो. ह्याच उषवदाताच्या दुसऱ्या लेखात सोपाऱ्याला बांधलेल्या धर्मशाळेचा आणि डहाणू, दमण येथील नद्यांवर फुकट ठेवलेल्या होड्यांचा उल्लेख आहे, आणि नारळीच्या बत्तीस हजार झाडांचे दानही आहे. आम्ही वाडीतली माणसे. बत्तीस हजार नारळी म्हणजे काय ते आम्हांला कळते.

पावसाळ्यातला मुक्काम आणि शेवटी वस्त्र, ही रीत अशी दोन्हीकडे होती. येथे ती विणकरांच्या संघाच्या पतीवर चालली. संघ मोडले, ठेवी बुडाल्या, लेणी ओस पडली. तेथे ती वर्गणीवर चालते म्हणून चालू आहे. आमच्या मते सोन्याच्या देवळापेक्षा हा फरक अधिक विचार करण्याजोगा आहे.

बाकीच्या सणांविषयी थोडक्यात सांगतो. एप्रिलच्या 13 ते 15 तारखांना होणारे सोंगक्रान म्हणजे शब्दाने संक्रान्त, सूर्याचा मेषप्रवेश; आज रस्त्यावर पिचकाऱ्या चालतात, पण मूळ विधी वडीलधाऱ्यांच्या हातावर सुवासिक पाणी घालण्याचा. युनेस्कोने 2023 साली हा सण मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला. लोय क्रथोंगला, बहुधा आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्याच सुमारास, केळीच्या सोपटाचे तराफे करून दिवे सोडतात. केळीवर पोसलेल्या आमच्या वसईकराने ते पाहावेत. सुखोदय राज्यातील नांग नोप्पमास ह्या स्त्रीने ही चाल काढली असे सांगतात, पण तिच्या नावचा ग्रंथ एकोणिसाव्या शतकातला दिसतो. आपल्याकडेही प्राचीन म्हणून मिरवणाऱ्या पुष्कळ गोष्टींचे वय असेच निघते.

आता पुन्हा सोपाऱ्याला येऊ. 1882 च्या एप्रिलात भगवानलालांनी जो स्तूप उकरला त्याला गावकरी बुरुड राजाचा कोट म्हणत. बुद्धाचे नाव नाही, पूर्णाचे नाव नाही, चंदनाच्या मंडपाची आठवण नाही. राजा म्हणून लोकांनी एक टोपल्या विणणारा मात्र बसवला होता, आणि त्याबद्दल आम्हांला आमच्या लोकांचे कौतुकच वाटते. आत दगडी पेटी निघाली. तांब्याचा करंडक, त्याच्या पोटात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे लहानसे तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत असे भगवानलालांना वाटले. भोवती आठ बुद्धमूर्ती, आणि यज्ञ सातकर्णीचे एक चांदीचे नाणे. हे सर्व मुंबईला एशियाटिक सोसायटीकडे गेले. सयामने गोष्ट राखली आणि तिला डोंगर दिला. आमच्याकडे जागा राहिली, गोष्ट गेली.

अगदीच गेली असेही नाही. भुईगावचा तुकडा सापडला त्याच 1956 सालच्या 14 ऑक्टोबरला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह दीक्षा घेतली, आणि आज बुद्धपौर्णिमेला सोपाऱ्याच्या स्तूपापाशी माणसे जमतात, ती त्यामुळे. 2023 च्या आरंभी थायलंडचे शंभराहून अधिक भिक्खू परभणीहून निघून मुंबईच्या चैत्यभूमीपर्यंत पायी आले. वाटेत मराठवाड्यातल्या बायकांनी त्यांना भाजी-भाकरी वाढली. अशोकाच्या आठव्या लेखातल्या यात्रेशी हे बरेच जुळते, कारण त्या वाटेवर पाहुणा आणि खेड्यातला माणूस समोरासमोर आले.

येत्या आषाढी पौर्णिमेला आमच्या युनियनची काही मंडळी सोपाऱ्याच्या स्तूपाच्या आवारात बसून पूर्णाची गोष्ट सांगणार आहेत, दिव्यावदानातली आणि पालीतली अशा दोन्ही. मंडप नाही, ध्वनिक्षेपक नाही. त्या दिवसांत वाडीत कोणते फूल निघते म्हणून आम्ही वटारच्या आयाबायांना विचारले. सोनटक्का, म्हणाल्या, पाऊस नीट लागला तर. तोही आले-हळदीच्याच कुळातला.