बोन ग्राफ्ट सबस्टिट्यूट म्हणजे काय? मणक्याच्या ऑपरेशनमध्ये कृत्रिम हाड कसं काम करतं



एरवी मी ॲप, बॅटरी, प्रोसेसर यांवर लिहितो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण टेक्नॉलॉजीचाच आहे. मागच्या वर्षी माझ्या आईच्या मणक्याचं ऑपरेशन ठरलं. हॉस्पिटलने खर्चाच्या अंदाजाचा कागद दिला आणि बहिणीने त्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. स्क्रू, रॉड, केज हे शब्द निदान ओळखीचे वाटले. त्याखाली एक ओळ होती: "सिंथेटिक बोन ग्राफ्ट, ५ सीसी". किंमत पाच आकडी. मामांनी विचारलं, "हे काय असतं? घ्यायलाच पाहिजे का?" घरात इंजिनीअर मी एकटाच, म्हणून उत्तर मीच देणार असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. मला उत्तर येत नव्हतं.

तुमच्याही घरी कधीतरी असा कागद येईल आणि फोन तुमच्या हातात असल्यामुळे तो तुमच्याकडेच येईल. तेव्हा मला जे माहीत असायला हवं होतं, ते इथे एकत्र करून ठेवतोय. मी डॉक्टर नाही. कोणता ग्राफ्ट वापरायचा हे सर्जनच ठरवतील. पण त्यांना काय विचारायचं, हे आपल्याला नक्की ठरवता येतं.

स्पायनल फ्यूजन म्हणजे काय?

पाठीच्या कण्यातले दोन किंवा जास्त मणके कायमचे जोडून त्यांचं एकच हाड करणं म्हणजे स्पायनल फ्यूजन. आईचा कमरेतला चौथा मणका पाचव्या मणक्यावरून पुढे सरकला होता. रिपोर्टमध्ये याला एल४-एल५ लिस्थेसिस असं लिहितात. वयामुळे होणारा हा त्रास पन्नाशीनंतर आणि बायकांमध्ये जास्त दिसतो. सरकलेल्या मणक्यामुळे नस दाबली जाते आणि थोडं चाललं की पाय भरून येतात.

ही शस्त्रक्रिया नवी नाही. १९११ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन सर्जननी, रसेल हिब्ज आणि फ्रेड आल्बी यांनी, आपापल्या पद्धतीने ती केली. तेव्हा मुख्य कारण होतं मणक्याचा टीबी. आल्बी यांनी नडगीच्या हाडाचा तुकडा काढून मणक्यांना बसवला होता.

स्क्रू आणि रॉड आहेत, मग हाड कशाला?

माझा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होता. मला वाटायचं की स्क्रू-रॉडने मणके जोडले की काम झालं. तसं नाही. घराचा स्लॅब टाकताना खाली बल्ल्यांचे टेकू लावतात, तसे हे स्क्रू असतात. स्लॅब पक्का होईपर्यंत धरून ठेवणं एवढंच टेकूचं काम. मणक्यांमध्ये खरं हाड तयार झालंच नाही, तर रोजच्या हालचालीने स्क्रू हळूहळू सैल होतात किंवा तुटतात. थोडक्यात, धातू थकण्याआधी हाड तयार झालं पाहिजे. हाड न जुळणं याला डॉक्टर नॉनयुनियन किंवा स्यूडार्थ्रोसिस म्हणतात, आणि त्यातल्या काही रुग्णांना दुसरं ऑपरेशन लागतं.

हे हाड तयार व्हावं म्हणून मणक्यांच्या मधल्या जागेत किंवा बाजूला जे भरतात, तो बोन ग्राफ्ट.

हाड तयार व्हायला काय लागतं?

तीन गोष्टी लागतात. त्या लक्षात ठेवल्या की बाजारातलं कोणतंही नाव समजून घेता येतं.

१. पेशी: प्रत्यक्ष हाड बनवणाऱ्या जिवंत पेशी. याला ऑस्टिओजेनेसिस म्हणतात.

२. निरोप: आजूबाजूच्या मूळ पेशींना "तुम्ही आता हाडाच्या पेशी व्हा" असं सांगणारी प्रथिनं. हे ऑस्टिओइंडक्शन.

३. मांडव: काकडीचा वेल जसा मांडवावर चढतो, तसं नव्या हाडाला चढायला लागणारी जाळी. हे ऑस्टिओकंडक्शन.

रुग्णाच्या स्वतःच्या हाडात या तिन्ही गोष्टी असतात. म्हणून कमरेच्या मोठ्या हाडाच्या वरच्या काठातून काढलेलं हाड आजही तुलनेचं माप मानलं जातं. पण त्यासाठी वेगळा छेद द्यावा लागतो, तिथेही दुखतं, काहींना ते दुखणं बराच काळ राहतं, आणि हाड काही अमर्याद मिळत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे दात्याचं हाड. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये १९८८ पासून टिश्यू बँक आहे, तिथे दात्यांच्या ऊती गॅमा किरणांनी निर्जंतुक केल्या जातात. अशा प्रक्रियेनंतर हाडात जिवंत पेशी उरत नाहीत, मांडव मात्र राहतो.

तिसरा मार्ग कृत्रिम ग्राफ्टचा.

कृत्रिम ग्राफ्टचे प्रकार

आपल्या हाडाच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग खनिजाचा असतो, आणि ते खनिज मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचं. मग तेच कारखान्यात बनवून भरलं तर? कल्पना जुनीच आहे. १९२० मध्ये त्याच आल्बी यांनी कॅल्शियम फॉस्फेटमुळे हाड लवकर भरतं का, यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. आज हे पदार्थ साबुदाण्यासारखे दाणे, ठोकळे, पट्ट्या किंवा मळलेल्या कणकेसारखी पुट्टी अशा रूपांत मिळतात.

कॅल्शियम सल्फेट: म्हणजे आपलं प्लास्टर ऑफ पॅरिस, अर्थात वैद्यकीय दर्जाचं. १८९२ मध्येच जर्मनीत हाडातल्या पोकळ्या भरायला ते वापरलं गेलं होतं. अडचण अशी की ते काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत विरघळतं. मणके जुळायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. वेल वर पोचण्याआधीच मांडव गेला, असं होतं.

ट्रायकॅल्शियम फॉस्फेट: हे काही महिने ते दोनेक वर्षांत विरघळतं आणि त्याच्या जागी हाड येत जातं.

हायड्रॉक्सीॲपेटाइट: आपल्या हाडातल्या खनिजाच्या सगळ्यात जवळचं. मात्र हे अनेक वर्षं जवळजवळ तसंच राहतं. म्हणून बऱ्याच उत्पादनांत हे आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेट ठरावीक प्रमाणात मिसळतात. एक लवकर जागा सोडतं, दुसरं आधार देत राहतं.

प्रवाळापासून बनवलेला ग्राफ्ट: १९७४ मध्ये अमेरिकेत डेला रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्याने समुद्रातल्या प्रवाळाचं रासायनिक प्रक्रियेने हायड्रॉक्सीॲपेटाइटमध्ये रूपांतर केलं. प्रवाळाची छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात, आपल्या आतल्या जाळीदार हाडासारखी.

बायोॲक्टिव्ह ग्लास: हो, काच! अमेरिकन शास्त्रज्ञ लॅरी हेन्च १९६७ मध्ये एका परिषदेला बसने जात होते. शेजारी बसलेल्या लष्करी अधिकाऱ्याने त्यांना विचारलं की, शरीर नाकारणार नाही असा पदार्थ तुम्ही बनवू शकाल का? १९६९ मध्ये हेन्च यांनी अशी काच बनवली. तिच्यात ४५ टक्के सिलिका असते. शरीरातल्या द्रवात तिच्यावर हाडासारख्या खनिजाचा थर जमतो आणि ती हाडाला चिकटते.

या सगळ्यांत छिद्रांना फार महत्त्व आहे. पेशी आणि रक्तवाहिन्या आत शिरायला साधारण १०० मायक्रॉनपेक्षा मोठी छिद्रं लागतात, आणि ती एकमेकांना जोडलेली असावी लागतात. बंद छिद्रं कितीही असली तरी उपयोग नाही.

आता मुख्य मुद्दा. वरच्या तीन गोष्टींपैकी हे पदार्थ प्रामुख्याने एकच देतात, मांडव. पेशी आणि निरोप रुग्णाच्या शरीरातूनच यावे लागतात. म्हणून नस मोकळी करताना मणक्याचं जे हाड काढतात, ते बारीक करून किंवा अस्थिमज्जा घेऊन सर्जन त्यात हे दाणे मिसळतात. म्हणजे बऱ्याचदा कृत्रिम ग्राफ्ट हा हाडाला पर्याय नसतो, हाड पुरवठ्याला यावं म्हणून केलेली भर असते. शिवाय सिरॅमिक ठिसूळ असतं, शरीराचा भार ते पेलत नाही. तो भार स्क्रू, रॉड आणि केज घेतात.

मग "निरोप" देणारा ग्राफ्ट बनवता येत नाही का?

येतो. १९६५ मध्ये मार्शल युरिस्ट यांनी खनिज काढून टाकलेलं हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवलं आणि तिथे नवं हाड तयार झालं. यातूनच पुढे बीएमपी नावाची प्रथिनं सापडली. प्रयोगशाळेत बनवलेलं बीएमपी-२ हे मेडट्रॉनिक कंपनीच्या इन्फ्यूज या उत्पादनातून २००२ मध्ये अमेरिकेत कमरेच्या एका ठरावीक फ्यूजनसाठी मंजूर झालं.

हाड जोरात वाढायचं. पण कधीकधी नको तिथेही वाढायचं. मंजुरी नसताना मानेच्या ऑपरेशनमध्येही ते वापरलं गेलं. तिथे सूज येऊन श्वास घ्यायला आणि गिळायला त्रास झाल्याचे प्रकार घडले, आणि २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने इशारा दिला. २०११ मध्ये "द स्पाइन जर्नल"ने दाखवून दिलं की कंपनीच्या मदतीने झालेल्या सुरुवातीच्या अभ्यासांत दुष्परिणाम फारच कमी नोंदवले गेले होते. पुढे येल विद्यापीठाच्या पुढाकाराने दोन स्वतंत्र गटांनी मूळ आकडेवारी तपासली. २०१३ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले: रुग्णाच्या स्वतःच्या हाडापेक्षा याचा ठोस जास्त फायदा दिसत नाही.

आपण फोन घेताना जास्त किंमत म्हणजे जास्त चांगला असं धरतो. ग्राफ्टच्या बाबतीत हा हिशोब चालत नाही.

माझी चूक: एक्स-रेमधला पांढरा रंग

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी एक्स-रे काढला. मणक्यांच्या बाजूला छान पांढरं भरलेलं दिसत होतं. मी ग्रुपवर लगेच टाकलं, "हाड जुळलं!" मामांनी पेढ्यांची भाषा सुरू केली. आईने तर पाण्याची कळशी उचलायला घेतली होती, बहिणीने वेळेवर थांबवलं.

फॉलोअपला डॉक्टर म्हणाले, "हे पांढरं दिसतंय ते अजून आम्ही भरलेलं सिरॅमिक आहे." कॅल्शियम असल्यामुळे सिरॅमिक एक्स-रेमध्ये हाडासारखंच पांढरं दिसतं. सुरुवातीच्या महिन्यांत दोघांतला फरक ओळखणं कठीण असतं. मणके जुळायला साधारण सहा महिने ते वर्ष लागतं, आणि शंका असेल तर पुढे-मागे वाकवून काढलेले एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करतात. माझ्या एका मेसेजमुळे आई जड वजन उचलणार होती. तेव्हापासून रिपोर्टचा फोटो बघून निदान करणं मी बंद केलं.

सर्जनना विचारायचे प्रश्न

- ग्राफ्टमध्ये नेमका कोणता पदार्थ आहे? ब्रँडचं नाव नाही, पदार्थाचं नाव विचारा.
- तो एकटा वापरणार की रुग्णाच्या हाडात मिसळून?
- याऐवजी कमरेचं हाड किंवा दात्याचं हाड चालेल का? का नाही?
- तो किती दिवसांत विरघळतो?
- हाड जुळलं हे कधी आणि कोणत्या तपासणीने ठरवणार?

आणि एक काम स्वतः करा. ग्राफ्ट आणि इम्प्लांटच्या पाकिटावर बॅच नंबरचं स्टिकर असतं. त्याची प्रत मागून घ्या आणि फोटो काढून ठेवा. पुढे कधी काही अडचण आली तर नेमकं काय बसवलंय हे त्यावरून कळतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

शरीर हा ग्राफ्ट नाकारतं का?
सिरॅमिकमध्ये परक्या पेशी नसतात, त्यामुळे अवयव प्रत्यारोपणासारखा नकार येत नाही. इन्फेक्शनचा धोका मात्र कोणत्याही ऑपरेशनसारखाच असतो.

तो नंतर काढावा लागतो का?
सहसा नाही. हाड येतं तसा तो विरघळतो किंवा हाडातच राहून जातो.

हाड जुळायला आपण काय करू शकतो?
डायबेटीस आटोक्यात ठेवा, सांगितलेलं चालणं करा, मनाने पेनकिलर घेऊ नका आणि तंबाखू बंद करा. सिगारेटमुळे हाड न जुळण्याचा धोका वाढतो. गुटखा आणि मिश्रीतही निकोटीन असतंच.

हे शेवटचं आमच्या घरी सगळ्यात अवघड गेलं. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी विचारलं होतं, "मावशी, मिश्री लावता का?" आई माझ्याकडे न बघता "कधीतरी" म्हणाली. मी ग्राफ्टच्या ब्रँडवर तीन रात्री घालवल्या होत्या, आणि हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. सर्जन मांडव घालून देतात. वेल आईच्याच शरीरातून चढायचा होता, आणि मिश्री त्याच्या मुळावर येणारी होती. आईने ऑपरेशनच्या आधी डबी बहिणीच्या हातात दिली. दोनदा परत मागितली, बहिणीने दिली नाही.

वर्षाच्या सीटी स्कॅनमध्ये मणके जुळलेले दिसले. या वेळी हे डॉक्टरांनी सांगितलं, मी नाही.

लेख उपयोगी वाटला तर घरात ज्यांच्या मणक्याचं ऑपरेशन ठरलंय त्यांना नक्की पाठवा. काही शंका असतील तर विचारा, मला जमेल तेवढं सांगेन. बाकीचं डॉक्टरांना विचारू.