सीमा बदलल्या, बाके तेवढीच राहिली

वसईच्या गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास सांगताना आपण बहुधा जमिनीविषयी बोलतो. वाड्या गेल्या, बावखले बुजली, केळीच्या बागांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, हे दुःख आपल्या समाजाने कवितेत, लेखात आणि चर्चच्या आवारातील गप्पांत पुन्हा पुन्हा मांडले आहे. ते खरेच आहे. परंतु या इतिहासाचे एक अंग आपल्या नजरेतून निसटले. माणसे आली, त्यांच्याबरोबर मुले आली. ती मुले कोणत्या बाकावर बसणार, हा प्रश्न जमिनीवर रेघा ओढणाऱ्यांनी फारसा विचारला नाही, आणि आम्हीही तो पुरेशा जोराने विचारला नाही.

विरारहून मुंबईला जाणारी पहिली लोकल गाडी १८६७ साली धावली. तरीही त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे वसई मुंबईचे उपनगर झाली नाही. गाडीने भाजीपाला, फुले, विड्याची पाने आणि केळी मुंबईला जात. चाकरमानी संध्याकाळी वाडीवर परतत. मुंबई महानगर प्रदेशाच्या आराखड्यात वसईचा मोठा भाग हरित पट्टा म्हणून राखलेला होता. १९८८ साली शासनाने या पट्ट्यातील हजारो हेक्टर जमीन बांधकामासाठी मोकळी केली आणि पुढे १९९० साली सिडकोला येथील विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. मुंबईत घर घेणे ज्यांना परवडत नव्हते, अशा गिरणी कामगारांपासून कारकुनांपर्यंत सर्वांना रेल्वेच्या रुळांलगत छप्पर मिळू लागले. त्यांच्या येण्याला दोष देता येणार नाही. घर शोधणारा माणूस गुन्हेगार नसतो.

या निर्णयाविरुद्ध वसईत जो आवाज उठला, त्याचे नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केले. हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली ख्रिस्ती आणि हिंदू शेतकरी, कोळी, वाडवळ, आदिवासी एकत्र आले. धर्मगुरूने वेदीवरून उतरून रस्त्यावर यावे काय, असा प्रश्न तेव्हा आपल्यातील काहींनीही विचारला होता. फादर २४ वर्षे ‘सुवार्ते’चे संपादक होते. २०२० साली उस्मानाबाद येथे झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले आणि २०२४ च्या जुलैत ते निवर्तले. त्या चळवळीने पाणी, झाडे आणि दहशत या विषयांवर वसईला जागे केले. तिचे ऋण आम्ही मान्य करतो, आणि म्हणूनच तिच्या काळात आमच्या हातून राहून गेलेल्या कामाची नोंदही येथे करतो.

आकडे बोलके आहेत. २००१ च्या जनगणनेत वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपरिषदांची मिळून लोकसंख्या सुमारे ४ लाख ७० हजार होती. त्यांपैकी जुन्या वसई नगरपरिषदेत जेमतेम ४९ हजार माणसे होती. नालासोपाऱ्यात मात्र १ लाख ८४ हजारांच्या घरात. दहा वर्षांनंतर, २०११ च्या जनगणनेत, गावांसह झालेल्या वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या पुढे गेली होती. यातील काही वाढ गावे जोडल्यामुळे दिसते, हे खरे; तरी उरलेली वाढही कोणत्याही शाळेच्या भिंती ताणून फोडण्यास पुरेशी होती.

या वाढीबरोबर सीमा मात्र भराभर बदलत गेल्या. १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि बिशप थॉमस डाबरे त्याचे पहिले महागुरू झाले. २००८ च्या पुनर्रचनेत जुन्या वसई विधानसभा मतदारसंघाचे तुकडे होऊन नालासोपारा हा नवा मतदारसंघ निर्माण झाला. तालुक्याच्या पूर्वेकडील भाग बोईसरकडे गेला. २००९ च्या जुलैत चार नगरपरिषदा आणि ५३ गावे यांची महानगरपालिका स्थापन झाली. २०१४ च्या ऑगस्टमध्ये ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा जन्मास आला.

यांपैकी महानगरपालिकेच्या सीमेने आपली गावे ढवळून काढली. ग्रामसभा जाईल, घरपट्टी वाढेल, वाडीवर आरक्षण पडेल, आणि मोबदल्यात पाणी तरी मिळेल काय, या शंकांनी पश्चिम पट्ट्यातील गावे पेटली. मोर्चे झाले, उपोषणे झाली. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत याच प्रश्नाच्या लाटेवर विवेक पंडित वसईतून अपक्ष म्हणून निवडून आले. नालासोपाऱ्यात मात्र महापालिकेच्या बाजूने उभा असलेला बहुजन विकास आघाडीचा पक्ष विजयी झाला. एकाच तालुक्याने दोन उत्तरे दिली. २०११ साली शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय काढला. महापालिका उच्च न्यायालयात गेली आणि गावे अधांतरी राहिली. २०२४ साली शासनाने तो निर्णय मागे घेतला. तेरा वर्षांत जन्मलेले मूल या काळात सातवीपर्यंत पोहोचले. आपण गावातले की शहरातले, हे त्याला कोणी निश्चित सांगितले नाही.

येथेच शाळेचा प्रश्न येतो. महापालिका २००९ साली झाली; परंतु तिच्या हद्दीतील सरकारी प्राथमिक शाळा त्यानंतरही अनेक वर्षे जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. ती जिल्हा परिषदही आधी ठाण्याची, मग पालघरची. कर एकीकडे, शाळा दुसरीकडे, असा हा संसार. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा, सहावी ते आठवीच्या मुलाला तीन किलोमीटरच्या आत, आणि प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक, हे त्याचे मोजमाप. रुळांच्या पूर्वेकडील वस्तीत या मोजमापाचे काय झाले, हे तेथील पालकांना विचारावे. सरकारी शाळा दूर, अनुदानित शाळा भरलेल्या, आणि मधली पोकळी भरून काढण्यासाठी इमारतीच्या गाळ्यांत उघडलेल्या खासगी इंग्रजी शाळा, असे चित्र आहे.

शाळांसाठी जागाच नव्हती, असे मात्र नाही. विकास आराखड्यात शाळा, मैदाने, दवाखाने यांसाठी भूखंड आरक्षित केलेले असतात. परंतु आरक्षण म्हणजे शाळा नव्हे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचे कलम १२७ असे आहे की, आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या मुदतीतही संपादन झाले नाही, तर आरक्षण संपते. नुसते थांबूनही शाळा नाहीशी करता येते! दुसरा मार्ग अतिक्रमणाचा. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमी यांसाठी राखलेल्या जमिनीवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या; उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२४-२५ मध्ये त्या पाडल्या गेल्या. जमीन बळकावणारे निसटतात, आणि घर विकत घेतलेले कुटुंब ऐन शाळेच्या दिवसांत दप्तरांसह रस्त्यावर येते.

आता आपल्या अंगणाकडे पाहू. रुळांच्या पूर्वेला वर्ग तुडुंब भरत असताना पश्चिमेकडील आपल्या मराठी शाळांत तुकड्या रिकाम्या होऊ लागल्या. धर्मगुरूंनी आणि सिस्टरांनी उभ्या केलेल्या, आपल्या आईवडिलांना लिहायला-वाचायला शिकवणाऱ्या या शाळा. त्या रिकाम्या कोणी केल्या? आम्हीच. इंग्रजी शाळेच्या प्रवेशासाठी आम्ही पहाटे रांगा लावल्या, आणि मराठीच्या गळतीवर परिसंवाद भरवले. संचमान्यतेच्या कागदावर पटसंख्या घसरली, शिक्षक अतिरिक्त ठरले. ज्या वाड्या गेल्या म्हणून आम्ही हळहळतो, त्यांच्या विक्रीच्या कागदांवरही सगळ्याच सह्या परक्यांच्या नव्हत्या. गावाची सीमा राखण्यासाठी आम्ही लढलो. शाळेची जागा राखण्यासाठी मात्र तेवढे लढलो नाही, कारण आमच्या मुलांची सोय झाली होती. पूर्वेकडील मुले आम्हाला आमची वाटली नाहीत.

जुन्या करारात वचनदत्त भूमीची वाटणी होते, तेव्हा लेवीयांच्या वाट्याला प्रदेश येत नाही; त्यांना ४८ नगरे आणि त्यांच्या भोवतालची गायराने मिळतात. लेवीयाने आपले घर विकले, तर ते सोडवून घेता येई; गायरान मात्र विकताच येत नसे. सर्वांसाठी राखलेली भूमी कोणाच्याही सोयीसाठी मोडायची नाही, हा नियम इतका जुना आहे.

वसई-विरारचा सिडकोने केलेला आराखडा २०२१ पर्यंतचा होता. पुढच्या आराखड्याचे नकाशे जेव्हा जेव्हा हरकतींसाठी खुले होतात, तेव्हा आपल्या प्रत्येक धर्मग्रामातून चार माणसांनी जाऊन एकच गोष्ट पाहावी: शाळेचे भूखंड कुठे आहेत, त्यांपैकी किती मोकळे आहेत, आणि दहा वर्षांचे घड्याळ कुठवर आले आहे. आपल्या रिकाम्या वर्गांच्या किल्ल्या ज्यांच्या हाती आहेत, त्यांनी रुळांपलीकडच्या मुलांचाही विचार करावा. नकाशावरील रेघा पुन्हा बदलतील. पुढच्या खेपेला त्या ओढल्या जात असताना बाके मोजणारे कोणीतरी तेथे हजर असावे, आणि ते आपल्यातले असावे.