गाण्यात राहिलेले नाव : संगीतकार अँथनी गोन्साल्विस

१९७७ साली मनमोहन देसाई यांचा 'अमर अकबर अँथनी' हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि अँथनी गोन्साल्विस हे नाव भारतभर घरोघरी पोहोचले. ईस्टरच्या समारंभात एका भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर पडणारा, उंच टोपी घातलेला तो विनोदी नायक आपल्या मराठवाड्यातील प्रेक्षकांनीही डोक्यावर घेतला. ख्रिस्ती माणूस म्हणजे असा हसवणारा, नाचणारा, थोडासा वेंधळा, अशी एक प्रतिमाही त्या गाण्याने अनेकांच्या मनात पक्की केली. परंतु हे नाव कल्पित नव्हते. त्या नावाचा एक माणूस त्या वेळी हयात होता. तो गंभीर प्रकृतीचा व्हायोलिनवादक होता, संगीतकार होता आणि गुरू होता. भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांना एका पंक्तीत बसवावे, हा त्याच्या आयुष्याचा ध्यास होता. गाणे सर्वांना ठाऊक आहे. माणूस मात्र फारच थोड्यांना ठाऊक आहे.

अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १२ जून १९२७ रोजी दक्षिण गोव्यातील सासष्टी तालुक्यात, माजोर्डा या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील गावच्या चर्चमध्ये गायनवृंदाचे प्रमुख होते. पोर्तुगीज अमदानीत या पदाला 'मेस्त्रे द कापेला' म्हणत. मिस्सा आणि सणांच्या उपासना यांसाठी गायनवृंद तयार करणे आणि गावातील मुलांना संगीताची अक्षरओळख करून देणे, ही त्या पदाची जबाबदारी असे. अँथनी यांचे पहिले गुरू अर्थातच त्यांचे वडील.

गोव्यातील या धर्मग्राम-शाळांविषयी येथे चार शब्द सांगितले पाहिजेत. चर्चच्या आवारात भरणाऱ्या या शाळांत मुलांना प्रार्थना आणि धर्मशिक्षण यांच्या जोडीला स्वरलिपी वाचायला शिकवीत. प्रथम सोल्फेजियो, म्हणजे कागदावरचे स्वर पाहून ते अचूक गाणे, आणि मग हाती व्हायोलिन, असा क्रम असे. शेतकऱ्याचा, सुताराचा, रेंदेराचा मुलगाही स्वरलिपी वाचू शके. चर्चला गायक हवे होते, म्हणून ही व्यवस्था उभी राहिली. परंतु तिच्यातून पिढ्यान्पिढ्या असे वादक बाहेर पडले की ज्यांच्यापुढे कोणताही स्वरलिखित कागद ठेवावा आणि त्यांनी तो त्याच क्षणी वाजवून दाखवावा. ही विद्या त्यांच्यासाठी पुढे भाकरीचे साधन ठरली. गोव्यात रोजगार तुटपुंजा होता. तरुण मुंबईची वाट धरीत. कोणी बोटीवर गेले, कोणी आगगाडीने, आणि पुष्कळांच्या हातात वाद्याची पेटी होती.

१९४३ साली सोळा वर्षांचे अँथनी मुंबईस आले आणि संगीतकार नौशाद यांच्या वादकसमूहात व्हायोलिन वाजवू लागले. बोलपट स्थिरावला होता, गाणे हा त्याचा प्राण झाला होता, आणि त्या गाण्याचा विस्तार वर्षागणिक वाढत होता. संगीतकार पेटीवर चाल बांधीत. ती चाल बहुधा कोठेही लिहिलेली नसे. तीस-चाळीस वादकांनी एका वेळी काय वाजवायचे, व्हायोलिनने केव्हा उठायचे, बासरीने केव्हा थांबायचे, चेलोने खालचा आधार कोणता द्यायचा, हे सारे कोणीतरी कागदावर उतरवणे भाग होते. हे काम करणारा तो संगीत-संयोजक. स्वरलेखनाची विद्या अवगत असलेल्या गोमंतकीय ख्रिस्ती वादकांनी हे काम आपल्या खांद्यावर घेतले. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे आंतोनियो झेवियर वाझ, आणि अँथनी गोन्साल्विस ही त्यांतील ठळक नावे. 'नया दौर' (१९५७) आणि 'वक्त' (१९६५) यांसारख्या चित्रपटांच्या संगीतात गोन्साल्विस यांचा हात होता. पडद्यावरच्या श्रेयनामावलीत मात्र संयोजकांना क्वचितच स्थान मिळे. ज्या गाण्यांनी दोन पिढ्या घडवल्या, त्या गाण्यांतील अर्धी शोभा ज्यांनी लिहिली, ते बहुतेक निनावी राहिले.

गोन्साल्विस यांचे घर ही एक शाळाच होती. व्हायोलिन आणि पाश्चात्त्य संगीताचे शास्त्र शिकण्यासाठी मुले त्यांच्याकडे येत. राहुलदेव बर्मन त्यांच्यापाशी शिकले. ट्रंपेटवादक पंडित रामप्रसाद शर्मा यांचे चिरंजीव प्यारेलाल हे त्यांचे आणखी एक शिष्य. याच प्यारेलाल यांनी पुढे लक्ष्मीकांत कुडाळकर यांच्या साथीने लक्ष्मीकांत-प्यारेलाल ही जोडी नावारूपास आणली. म्हणजे माजोर्ड्याच्या चर्चमधील वडिलांनी मुलाला दिलेली विद्या त्या मुलाकडून एका हिंदू वादकाच्या पुत्राकडे गेली आणि तेथून भारताच्या कानाकोपऱ्यात पोहोचली. विद्येला धर्माची शीव नसते, हे वाक्य आपण भाषणांत नेहमी ऐकतो. येथे ते प्रत्यक्ष घडलेले दिसते.

परंतु चित्रपटाचे काम हे गोन्साल्विस यांचे अंतिम ध्येय नव्हते. हिंदुस्थानी संगीत त्यांनी मुंबईत जवळून ऐकले आणि त्याने ते भारावून गेले. आपल्या बालपणीचे चर्चसंगीत आणि हा नवा ठेवा यांचा मेळ घालावा, असे त्यांना वाटू लागले. हे काम ऐकायला सोपे असले तरी करायला फार अवघड आहे. पाश्चात्त्य संगीतात अनेक स्वर एका वेळी वाजतात आणि त्यांच्या मिलाफातून संगीताची इमारत उभी राहते. आपला राग एका धाग्याने चालतो. कोणता स्वर कोणत्या वाटेने यावा, कोठे रेंगाळावा, कोणाला हलकेच स्पर्श करून परतावा, यात रागाचे रूप असते. रागातील स्वर नुसते एकावर एक रचले तर वाटेचा क्रम हरवतो आणि राग ओळखू येईनासा होतो. तोडीसारख्या थाटात तर रे, ग, ध कोमल आणि मध्यम तीव्र. पाश्चात्त्य मेजर-मायनरच्या सवयीला हे स्वर सहज जुळत नाहीत. शिवाय गायक राग त्या त्या क्षणी फुलवतो, तर वाद्यवृंदातील प्रत्येकाला आपला स्वर आधी लिहून मिळावा लागतो. गोन्साल्विस यांनी हे आव्हान स्वीकारले. 'सोनातिना इंडियाना', सारंग रागातील कॉन्चेर्टो, तोडी थाटातील व्हायोलिन कॉन्चेर्टो या त्यांच्या रचनांची नावेच त्यांची दिशा सांगतात.

१९५८ साली त्यांनी भारतीय सिम्फनी वाद्यवृंद स्थापन केला. मुंबईतील जेझुइट धर्मगुरूंच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात त्याचा कार्यक्रम झाला. शंभराहून अधिक वादक एका व्यासपीठावर होते आणि गायनासाठी साक्षात लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. दिवसभर स्टुडिओत इतरांच्या चाली वाजवणारे वादक त्या संध्याकाळी आपल्यातल्याच एकाने लिहिलेले, आपल्या मातीचे सूर असलेले संगीत वाजवीत होते. मुंबईला सिम्फनी नवीन नव्हती. मेहली मेहता यांनी १९३५ सालीच बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारला होता. परंतु तेथे युरोपातील थोर रचना वाजत. गोन्साल्विस यांना वाद्यवृंद युरोपचा आणि आत्मा भारतीय, असे काही घडवायचे होते.

या १९५८ सालाचे महत्त्व नीट ध्यानी घ्यावे. पंडित रविशंकर यांचा सतार आणि वाद्यवृंद यांचा पहिला कॉन्चेर्टो १९७१ सालचा, म्हणजे तेरा वर्षांनंतरचा. आपल्या ख्रिस्तसभेचा विचार केला तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी जाहीर केला. ज्या देशांना स्वतःची संगीतपरंपरा आहे, तेथे त्या परंपरेला योग्य मान आणि उपासनेत यथोचित स्थान द्यावे, असे तो सांगतो. परिषदेने जे तत्त्व मांडले, त्याच्याशी नाते सांगणारा प्रयत्न एक प्रापंचिक ख्रिस्ती वादक पाच वर्षे आधी, स्वतःच्या हिमतीवर, मैफलीच्या क्षेत्रात करीत होता.

अशा प्रयत्नाला टिकायचे तर नियमित तालीम हवी, जागा हवी, वादकांचे पोट भरेल एवढा पैसा हवा आणि जाणता श्रोता हवा. चित्रपटाच्या वादकांचा दिवस ध्वनिमुद्रणात संपे. श्रोत्यांपैकी सिम्फनीच्या चाहत्यांना राग परका होता आणि रागाच्या रसिकांना सिम्फनी परकी. गोन्साल्विस यांच्या वाद्यवृंदातून कायमची संस्था उभी राहिली नाही.

१९६५ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, भरात असलेले चित्रपटातील काम सोडून ते अमेरिकेला गेले. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज विद्यापीठाने त्यांना अनुदान दिले होते. तेथील संगीतकार आणि प्रकाशक यांच्या राष्ट्रीय संस्थेचे ते सदस्य झाले. या सुमाराचा काळ पाहिला की एक विलक्षण योगायोग दिसतो. अमेरिकन संगीतकार तेव्हा भारताकडे वळू लागले होते. हेन्री काउएल यांची 'मद्रास' सिम्फनी १९५९ साली मद्रासमध्येच प्रथम सादर झाली होती. अॅलन होव्हानेस भारतात राहून येथले संगीत अभ्यासून गेले होते. तरुण फिलिप ग्लास याच दशकात रविशंकर यांच्या सहवासात आपल्या तालाचे रहस्य उलगडून घेत होते. पुढे १९८० साली गांधीजींच्या जीवनावरचा त्यांचा 'सत्याग्रह' हा ऑपेरा गीतेतील संस्कृत श्लोकांसह रंगमंचावर आला. अमेरिकन माणूस रागाच्या शोधात पूर्वेकडे येत होता आणि रागाला वाद्यवृंदात बसवणारा आपला माणूस आधार शोधत पश्चिमेकडे जात होता.

काही वर्षांनी गोन्साल्विस भारतात परतले. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत मात्र ते पुन्हा शिरले नाहीत. माजोर्ड्याच्या आपल्या घरी ते स्थिरावले आणि प्रसिद्धीपासून दूर राहिले. १८ जानेवारी २०१२ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, गोव्यात त्यांचे निधन झाले.

दरम्यान १९७७ सालचे ते गाणे आले होते. त्याची हकीकत अशी. चित्रपटातील पात्राचे आडनाव आधी फर्नांडिस योजले होते. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे होते. प्यारेलाल यांनी आपल्या गुरूंचे नाव सुचवले आणि आनंद बक्षी यांनी लिहिलेल्या, किशोरकुमार यांनी गायिलेल्या गीतात ते कायमचे जाऊन बसले. ज्या गुरूचे नाव श्रेयनामावलीत क्वचितच झळकले होते, ते शिष्याने मुखड्यातच ठेवले. अशी गुरुदक्षिणा विरळा. तरीही मनात एक प्रश्न राहतो. नाव अमर झाले, पण काम? लक्षावधी ओठांवर त्यांचे नाव आहे; त्यांचा सारंग रागातील कॉन्चेर्टो किती कानांनी ऐकला?

काळ पुढे सरकला, तशी त्यांची वाट रुंद झाली आहे. १९८३ साली जन्मलेल्या भारतीय वंशाच्या अमेरिकन संगीतकार रीना इस्माईल यांनी जुलियार्ड आणि येल येथे शिक्षण घेतले, हिंदुस्थानी संगीताची तालीम घेतली आणि २०१६ साली भारतातील सात धर्मपरंपरांच्या वचनांवर गायनवृंद, वाद्यवृंद, सतार आणि तबला यांच्यासाठी मोठी रचना केली. त्यांच्या पाठीशी विद्यापीठे आहेत, नामांकित गायनवृंद आहेत. गोन्साल्विस यांच्यापाशी १९५८ साली यांपैकी काही नव्हते. प्रतिभेला पाठबळ मिळाले नाही तर काय होते आणि मिळाले तर काय होते, हे या दोन आयुष्यांकडे पाहून कळते.

नांदेड आणि लातूर येथील आपल्या धर्मग्रामांना या कहाणीतून काय घ्यायचे आहे? आपला मुलूख सुरांना पारखा नाही. नांदेडला हुजूर साहिबमध्ये रागांत बांधलेले शबद-कीर्तन नित्य चालते. ज्या गुरू ग्रंथ साहिबमधील वाणी तेथे गायिली जाते, त्यात आपल्या संत नामदेवांचीही पदे आहेत. ती शतकानुशतके टिकली, कारण कोणीतरी ती लिहून ठेवली आणि कोणत्या रागात गावीत तेही नोंदवले. टाळ-मृदंगाचे भजन तर गावोगाव आहे. आपल्या उपासनेतही पेटी, ढोलकी आणि टाळ यांच्या साथीने मराठी भजने गायिली जातात. त्यांपैकी कित्येक चाली आपल्याच धर्मग्रामांतील कोणा धर्मशिक्षकाने, कोणा शेतमजूर गायकाने बांधलेल्या असतात. त्या कोठे लिहिलेल्या नाहीत. गाणारा गेला की चाल जाते, आणि पुढची पिढी ध्वनिफितीतले, दुसरीकडचे गाणे उचलते.

म्हणून प्रत्येक धर्मग्रामाने दोन गोष्टी कराव्यात असे मला वाटते. पहिली, एक वही. तिच्यात आपल्या प्रत्येक भजनाचे शब्द, स्वरलिपी आणि ते रचणाऱ्याचे नाव असावे. दुसरी, रविवारच्या धर्मशिक्षणाला जोडून एक तास. त्यात मुलांना सारेगम लिहायला आणि वाचायला शिकवावे. माजोर्ड्यासारख्या खेड्यातील चर्चला एवढे जमले, तर आपल्यालाही ते अशक्य नाही. आपल्या मुलांतून कोणी वाद्यवृंदासाठी रचना करणारा निघेल की नाही, हे देव जाणे. पण ज्याने आपल्याला गायला शिकवले त्याचे नाव आणि त्याची चाल, दोन्ही आपल्याजवळ राहतील.