विश्लेषण : अणुकचऱ्याची काच होताना भट्टीत काय चाललंय, हे कसं कळतं?

अणुभट्टीत वापरून झालेल्या इंधनातून युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळं काढलं की मागे अतितीव्र किरणोत्सर्गी द्रव उरतो. तो स्टीलच्या टाक्यांमध्ये साठवतात. पण हा द्रव स्वतःच उष्णता निर्माण करतो, त्यामुळे त्याला सतत थंड ठेवावं लागतं. टाकी गळण्याची भीतीही असतेच. म्हणून भारत, फ्रान्स, जपान, अमेरिका यांसारखे देश या द्रवाची काच करतात. या प्रक्रियेला काचीकरण किंवा व्हिट्रिफिकेशन म्हणतात.

ही काच ज्या भट्टीत वितळते, ती जाड काँक्रीटच्या भिंतींआड असते. किरणोत्सर्गामुळे माणूस तिच्याजवळ जाऊ शकत नाही. मग आतली काच नीट वितळली आहे की नाही, हे कळतं कसं?

काचच का?

यासाठी मुख्यतः बोरोसिलिकेट काच वापरतात. प्रयोगशाळेतली चंचुपात्रं याच प्रकारच्या काचेची असतात. कचरा या काचेत बरणीतल्या लोणच्यासारखा भरलेला नसतो, तर त्यातले अणू काचेच्या रचनेचाच भाग होतात. त्यामुळे काच तडकली तरी काही सांडत नाही आणि पाण्यात ती अत्यंत सावकाश विरघळते. अर्थात घटकांचं प्रमाण आणि तापमान, दोन्ही बरोबर असेल तरच.

तापमान चुकलं तर?

सिरॅमिक भट्टीत काच साधारण ११५० अंश सेल्सिअसला वितळते. तापमान जास्त झालं, तर सीझियमसारखे घटक वाफेबरोबर निसटतात आणि भट्टीच्या विटा व इलेक्ट्रोड लवकर झिजतात. कमी झालं, तर काच घट्ट होते, तिच्यात स्फटिक तयार होतात आणि ती बाहेर ओतली जात नाही.

मग नजर कशी ठेवतात?

तापमान : काचेत आणि तिच्या वरच्या मोकळ्या जागेत थर्मोकपल बसवलेले असतात. द्रवकचरा वरून पडतो तेव्हा वितळलेल्या काचेवर न वितळलेल्या मिश्रणाची साय धरते. ही साय जास्त पसरली की वरच्या जागेचं तापमान उतरतं. त्यावरून भट्टीत माल किती वेगाने सोडायचा, हे ठरतं.

विजेचा रोध : थंड काच विजेला अडवते, पण वितळलेल्या काचेतून वीज वाहते. सिरॅमिक भट्टीत इलेक्ट्रोडमधून थेट काचेतच वीज सोडून ती तापवतात. काच तापली की रोध कमी होतो. म्हणजे जी वीज काच वितळवते, तीच काचेची खबरही देते.

दाब : काचेत वेगवेगळ्या खोलीवर सोडलेल्या नळ्यांमधून हवा फुंकतात. त्यासाठी किती दाब लागतो, यावरून काचेची पातळी आणि घनता कळते.

वजन आणि कॅमेरा : काच स्टीलच्या डब्यात ओतताना डब्याचं वजन आणि कॅमेऱ्यात दिसणारी धार, दोन्हींवर लक्ष असतं.

अंदाज चुकला तर काय होतं?

याचं उदाहरण जपानमध्ये आहे. रोक्काशो इथल्या पुनर्प्रक्रिया प्रकल्पात नोव्हेंबर २००७ मध्ये खऱ्या कचऱ्यावर काचीकरणाची चाचणी सुरू झाली. काही आठवड्यांतच काच नीट ओतली जाईना. कचऱ्यातले रुथेनियम, ऱ्होडियम, पॅलेडियम हे धातू काचेत फारसे विरघळत नाहीत. जड असल्याने ते तळाशी बसले होते.

या धातूंमधून वीज सहज वाहते. त्यामुळे ती तळातूनच जाऊ लागते आणि वरच्या काचेला पुरेशी उष्णता मिळत नाही. तळाची काचही घट्ट होते. डिसेंबर २००८ मध्ये काच ढवळताना सळई वाकली आणि भट्टीच्या छताची एक वीट निसटून आत पडली.

त्यानंतर तोकाई इथल्या पूर्ण आकाराच्या नमुना भट्टीत किरणोत्सर्ग नसलेला नकली कचरा वापरून अभ्यास झाला. रोक्काशोच्या भट्टीत काचेचं तापमान मोजणारी जादा उपकरणं बसवली गेली. काचीकरणाची चाचणी पूर्ण व्हायला मे २०१३ उजाडला. दरम्यान द्रवकचरा टाक्यांमध्येच होता. मार्च २०११ च्या भूकंपात बाहेरचा वीजपुरवठा तुटला, तेव्हा हा प्रकल्प डिझेल जनरेटरवर चालवावा लागला.

महाराष्ट्रात काय होतं?

भारतातला पहिला काचीकरण प्रकल्प तारापूरला १९८५ मध्ये सुरू झाला. मुंबईत तुर्भे इथल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परिसरातही असा प्रकल्प आहे. या दोन्ही ठिकाणी विद्युत-चुंबकीय प्रवर्तनाने तापणारी धातूची भांडी वापरली गेली. पुढे तारापूरमध्ये सिरॅमिक भट्टीही उभी राहिली.

तुर्भ्याच्या कचऱ्याची अडचण वेगळी होती. त्यात सल्फेट होतं. नेहमीच्या काचेत ते नीट मिसळत नाही आणि पिवळसर थर होऊन वेगळं पडतं. हा थर पाण्यात विरघळतो आणि सीझियमही त्यात ओढलं जातं. म्हणून तिथे बेरियम असलेली बोरोसिलिकेट काच वापरण्यात आली.

म्हणजे काही चुका भट्टीवर कितीही नजर ठेवली तरी तिथे सुधारता येत नाहीत. डब्यात गोठलेली काच परत वितळवणं सोपं नसतं. त्यामुळे काचेची पहिली तपासणी भट्टीच्या आधीच होते. अमेरिकेतल्या सव्हाना रिव्हर प्रकल्पात मिश्रणाचा नमुना तपासून, त्याची काच चांगली होईल याची खात्री पटल्यावरच ते भट्टीकडे सोडतात.

तारापूरमध्ये काचेने भरलेले डबे हवेच्या नैसर्गिक प्रवाहाने थंड राहणाऱ्या तळघरात ठेवले जातात. तिथे पंप लागत नाहीत आणि टाकी गळण्याची भीतीही नसते. मात्र डब्यांवर देखरेख पुढची अनेक वर्षं सुरूच ठेवावी लागते.