डोंगरवाटेच्या शर्यती आणि शेवटचा धांवणारा

संत पौलानें करिंथ येथील भाविकांस पत्र लिहितांना धांवण्याच्या शर्यतीचा दृष्टान्त योजिला, हें मिस्साबलिदानाच्या वेळीं होणाऱ्या वाचनांतून आपणां सर्वांस परिचित आहे. हा दृष्टान्त त्यानें सहज घेतलेला नव्हता. करिंथ नगराच्या शेजारींच, इस्थमस ह्या संयोगभूमीवर, दर दोन वर्षांनीं मोठे खेळ भरत असत. आणि 'प्रेषितांचीं कृत्यें' ह्या ग्रंथावरून दिसतें कीं, पौल त्या नगरांत दीड वर्ष राहिला होता. तेथें विजयी वीरास पानांचा मुकुट मिळे. तो लवकरच सुके, आणि तोही एकट्या पहिल्याच्याच मस्तकावर चढे. मागाहून येणाऱ्यांची नोंद ठेवण्याचें कारण कोणास वाटत नसे.

ह्या प्राचीन शर्यतींहून निराळ्या अशा कांहीं शर्यती उत्तर इंग्लंड व स्कॉटलंड ह्या प्रदेशांतील डोंगरांवर गेल्या दीडशे वर्षांत वाढीस लागल्या. त्यांना राजाश्रय नाहीं, भव्य क्रीडांगण नाहीं. त्या गांवाच्या जत्रेंतून जन्मल्या, आणि गांवकऱ्यांनींच त्या चालविल्या. त्यांचा इतिहास बारकाईनें पाहिला असतां असें आढळतें कीं, "पहिला कोण आला?" ह्या प्रश्नापासून निघून "शेवटचा सुखरूप आला ना?" ह्या प्रश्नापर्यंतचा तो एक प्रवास आहे. आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या निमित्तानें ह्या प्रवासाचें थोडें मनन करणें उचित होईल.

ह्या शर्यतींच्या आरंभाविषयीं स्कॉटलंडांत एक दंतकथा सांगतात. अकराव्या शतकांत तिसरा माल्कम हा तेथें राज्य करीत होता. ज्या साध्वी राणीस ख्रिस्तसभेनें इ. स. १२५० मध्यें संतपद दिलें, त्या संत मार्गारेटचा हा पति. राजास चपळ निरोप्याची गरज होती, म्हणून त्यानें ब्रेमार येथील क्रेग खोन्निख ह्या टेकडीवर धांवण्याची शर्यत लावली, आणि सोन्याची थैली बक्षीस ठेविली. मॅक्ग्रेगर घराण्यांतील दोन भाऊ पुढें निघाले होते. तिसरा, सर्वांत धाकटा, उशिरा येऊन पोहोंचला, तरी एकेकास मागें टाकीत तो वडील भावाच्या बरोबरीस आला. बक्षीस वांटून घेण्याची त्याची विनंती थोरल्यानें झिडकारली, आणि धाकटा पुढें सरतांच त्याचें वस्त्र मागून घट्ट धरिलें. धाकट्यानें पट्टा सोडून वस्त्र भावाच्या हातीं तसेंच राहूं दिलें आणि शर्यत जिंकली. ही कथा ऐतिहासिक सत्य म्हणून घ्यावयाची नाहीं. परंतु मनुष्यस्वभावाचें तिनें काढलेलें चित्र खरें आहे. एकाच आईचीं दोन लेकरें, आणि एक दुसऱ्याचें वस्त्र ओढतो आहे!

लिखित इतिहास मात्र पुष्कळ अलीकडचा आहे. उत्तर इंग्लंडांत उघड्या, गवताळ डोंगरास 'फेल' म्हणतात, व त्यावरील शर्यतीस 'फेल रनिंग'. लेक डिस्ट्रिक्ट ह्या सरोवरांच्या प्रदेशांत ग्रासमियर नांवाचें गांव आहे. तेथील वार्षिक खेळांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 'वाटाड्यांची शर्यत' प्रसिद्धीस आली. डोंगरवाटांवर प्रवाशांस घेऊन जाणारे वाटाडे, मेंढपाळ आणि शेतमजूर त्या शर्यतींत उतरत. मैदानांतून निघून समोरचा कडा चढावयाचा, माथ्यावरील निशाणास वळसा घालावयाचा आणि दगडधोंड्यांतून उड्या घेत खालीं यावयाचें, असा तिचा प्रकार. खालीं कुस्त्यांचा फड रंगलेला असे, आणि मैदानांतून सर्व चढण लोकांस दृष्टीस पडत असे. विजेत्यास रोख रक्कम मिळे. हातावर पोट असलेल्या मनुष्यास ती थोडी नव्हती.

स्कॉटलंडांत बेन नेव्हिस हा ४,४१३ फूट उंचीचा पर्वत ब्रिटनमध्यें सर्वांत उंच आहे. त्याच्या माथ्यावर इ. स. १८८३ पासून १९०४ पर्यंत एक वेधशाळा होती, व तिच्याकरितां घोडवाटही बांधलेली होती. इ. स. १८९५ सालीं पायथ्याच्या फोर्ट विल्यम गांवांतील विल्यम स्वॉन ह्या केशकर्तनाचा धंदा करणाऱ्या गृहस्थानें गांवांतून निघून माथा गांठून परत येण्यास २ तास ४१ मिनिटें घेतलीं. त्याच्या धांवेची वेळ घड्याळानें मोजून नोंदविली गेली. तीन वर्षांनीं, १८९८ च्या जून महिन्यांत, दहा स्पर्धकांची पहिली रीतसर शर्यत झाली. ती ह्यू केनेडी ह्या एकवीस वर्षांच्या शिकाररक्षकानें जिंकली. पहिला केशकर्तनकार, दुसरा शिकाररक्षक. ह्यावरून ह्या खेळाचे मूळ पुरुष कोणत्या थरांतील होते हें कळून येईल.

परंतु ह्याच सुमारास एक भिंत उभी राहिली. इ. स. १८८० मध्यें इंग्लंडांत हौशी मैदानी खेळांची संस्था स्थापन झाली होती. तिच्या दृष्टीनें जो पैशाचें बक्षीस स्वीकारी तो 'धंदेवाईक', आणि धंदेवाइकास हौशी खेळाडूंच्या पंक्तींत स्थान नसे. नियमामागील हेतु खेळ निर्मळ राहावा असा असेल. त्याचा परिणाम मात्र गरिबांवर अधिक झाला. जत्रेंत थोडे शिलिंग घेतलेला मेंढपाळाचा मुलगा एका यादींत, आणि पैशाची गरज नसलेला सुखवस्तु तरुण दुसऱ्या यादींत गेला. डोंगर तोच, चिखल तोच, दमलेली छाती तीच; पण दोघांस एकत्र धांवण्याची मुभा नव्हती. दंतकथेंतील थोरल्या भावानें वस्त्र हातानें धरिलें होतें. येथें तें नियमानें धरिलें गेलें.

ही भिंत जवळजवळ शंभर वर्षें टिकली. केनी स्टुअर्ट ह्या लेक डिस्ट्रिक्टमधील धांवपटूनें तरुणपणीं धंदेवाईक शर्यती जिंकल्या होत्या. त्यामुळें हौशी शर्यतींचें दार त्यास बंद होतें. १९८० नंतरच्या वर्षांत त्यास पुन्हां हौशी म्हणून मान्यता मिळाली, आणि १९८३, १९८४ व १९८५ अशीं लागोपाठ तीन वर्षें तो ब्रिटिश विजेता ठरला. १९८४ सालीं बेन नेव्हिसची शर्यत त्यानें १ तास २५ मिनिटें ३४ सेकंदांत पुरी केली. इतके दिवस दाराबाहेर कोण उभा होता, हें तेव्हां सर्वांस कळलें. पुढें हा भेदच नाहींसा झाला.

दुसरी भिंत स्त्रियांच्या वाटेंत होती. १९०९ सालीं एलिझाबेथ विल्सन-स्मिथ ह्या स्त्रीनें बेन नेव्हिसचा माथा १ तास ५१ मिनिटांत गांठला, तरी पुढें कित्येक वर्षें ही शर्यत पुरुषांचीच मानली गेली. १९५५ सालीं फोर्ट विल्यम येथील सोळा वर्षांची कॅथलीन कॉनोकी हिनें ती धांवण्याचा निश्चय केला. अधिकृत स्पर्धक म्हणून तिला स्थान मिळालें नाहीं. पुरुष सुटल्यावर ती त्यांच्या मागून निघाली, आणि ३ तास २ मिनिटांत परत आली. तिच्या नांवें बक्षीस नव्हतें. पण तिची वेळ लोक विसरले नाहींत. १९८४ मध्यें, ज्या वर्षीं केनी स्टुअर्टनें आपला उच्चांक केला त्याच वर्षीं, पॉलीन हॅवर्थ हिनें तो पर्वत १ तास ४३ मिनिटें २५ सेकंदांत सर केला. तिचा उच्चांक चौतीस वर्षें टिकला. २०१८ सालीं व्हिक्टोरिया विल्किन्सन हिनें तो अवघ्या २४ सेकंदांनीं मोडला.

हा झाला भिंतींचा इतिहास. आतां ह्याच डोंगरांवर वाढलेल्या एका निराळ्या रीतीकडे वळूं. इ. स. १९३२ च्या जून महिन्यांत केझिक गांवीं पाहुण्यांसाठीं निवासगृह चालविणाऱ्या बॉब ग्रॅहम ह्या गृहस्थानें चोवीस तासांच्या आंत ४२ शिखरें पादाक्रांत करून, निघाला तेथेंच परत येण्याचा पराक्रम केला. अंतर सुमारें ६६ मैल, आणि सर्व चढणींची बेरीज सुमारें २७,००० फूट. त्याच्या पायांत साधे टेनिसचे जोडे होते, आणि शिदोरींत पाव-लोणी, उकडलेलीं अंडीं व फळें होतीं असें सांगतात. कोणी बक्षीस लावलेलें नव्हतें, आणि प्रेक्षकही नव्हते. वाटेंत मित्र पाळीपाळीनें सोबतीस होते. हा पराक्रम दुसऱ्यांदा घडण्यास अठ्ठावीस वर्षें लागलीं. १९६० सालीं ॲलन हीटन ह्यानें तो करून दाखविला. १९७१ सालीं ग्रॅहमच्या नांवानें एक मंडळ निघालें, आणि १९७७ मध्यें जीन डॉज ही तो फेरा पुरा करणारी पहिली स्त्री ठरली. ह्या मंडळाचा एक नियम मोठा अर्थपूर्ण आहे. प्रत्येक शिखरावर धांवणाऱ्यासह एक साक्षीदार सोबती असला पाहिजे. म्हणजे जो एकटाच धांवला त्याचा फेरा मान्य होत नाहीं. आणि ज्यानें आज कोणाची सोबत घेतली तो उद्यां दुसऱ्याच्या सोबतीस जातो. अशा रीतीनें दोन हजारांहून अधिक जणांनीं तो फेरा पुरा केला आहे.

१९७० सालीं फेल धांवणाऱ्यांची स्वतंत्र संस्था स्थापन झाली, आणि १९७२ पासून निरनिराळ्या गांवांच्या शर्यतींतील गुण एकत्र मोजून वर्षाचा विजेता ठरूं लागला. एकेका गांवाची जत्रा अशा रीतीनें मालिकेंत ओंवली गेली. तथापि ह्या शर्यतींचें गांवठी रूप पालटलें नाहीं. ब्रिटनमध्यें दरवर्षीं अशा शेंकडों शर्यती होतात. उन्हाळ्यांत रात्रीं नऊ-दहापर्यंत उजेड असल्यामुळें कित्येक तर कामाचा दिवस संपल्यावर सायंकाळीं भरतात. शुल्क थोडकें, आणि शेवटीं गांवच्या सभागृहांत चहा व घरीं भाजलेले केक. वाट मेंढपाळांच्या कुरणांतून जाते, म्हणून त्यांची संमति घ्यावी लागते. २००१ सालीं गुराढोरांत लाळ्याखुरकुताची भयंकर सांथ पसरली तेव्हां डोंगरवाटा बंद झाल्या, आणि शर्यतीही थांबल्या. मेंढरें जेथें सुरक्षित नाहींत तेथें धांवणाऱ्यानें पाऊल टाकूं नये, हें सर्वांनीं मानलें.

ह्याच मेंढपाळांमध्यें जॉस नेलर हा पुरुष होऊन गेला. १९३६ सालीं वॉसडेल येथें त्याचा जन्म झाला. लहानपणींच पाठीस इजा झाली. पुढें पाठीच्या कण्याची शस्त्रक्रियाही करावी लागली. असा हा मनुष्य १९७५ सालीं चोवीस तासांच्या आंत ७२ शिखरें चढला, आणि १९८६ मध्यें, पन्नाशीच्या वयांत, लेक डिस्ट्रिक्टमधील २१४ शिखरें सुमारें सात दिवसांत फिरून आला. सत्तरीच्या वर्षीं त्यानें ७० शिखरें केलीं. २०२४ सालीं तो निवर्तला. मेंढरें राखणें हाच त्याचा जन्माचा व्यवसाय होता; आणि आपल्या मागून येणाऱ्या कित्येकांस त्यानें डोंगरावर सोबत दिली.

आतां मुख्य गोष्ट. डोंगरावर धुकें क्षणांत उतरतें. भर उन्हाळ्यांतही माथ्यावर गारठ्यानें मनुष्य दगावूं शकतो. अपघातांनीं शिकविलेल्या धड्यांवरून ह्या शर्यतींचे नियम कडक होत गेले. लांबच्या व अवघड शर्यतींत धांवणाऱ्याजवळ नकाशा, होकायंत्र, शिटी व पावसाचीं वस्त्रें असावीं लागतात. सर्वांत महत्त्वाचा नियम हा कीं, जो मध्येंच थकून शर्यत सोडील त्यानेंही अंतिम रेषेपाशीं येऊन आपलें नांव कळविलें पाहिजे. निघालेले किती आणि परतलेले किती, ह्याची मोजदाद होते. पहिला येऊन, अंग पुसून, चहा पिऊन घरीं गेला असला, तरी एक आंकडा कमी भरत असेल तर कार्यकर्ते आपली जागा सोडीत नाहींत. कंदील घेऊन पुन्हां डोंगराकडे वळतात. नव्व्याण्णव आले म्हणून शंभराव्यास विसरावयाचें नाहीं, हा धडा कोणी शिकविला हें आपणां ख्रिस्ती जनांस सांगावयास नको.

संत पौलाच्या काळच्या मैदानांत एकासच मुकुट होता. पौलाचें मन मात्र न सुकणाऱ्या मुकुटाकडे लागलें होतें, आणि तो मुकुट प्रभु आपल्या आगमनाची आवड धरणाऱ्या सर्वांस देईल अशी त्याची श्रद्धा होती. इंग्लंड-स्कॉटलंडच्या डोंगरांवरील साध्या लोकांनीं हें सत्य प्रवचनांतून नव्हे, तर चिखल, धुकें व शिटी ह्यांच्या संगतींत ओळखिलें. ज्यांनीं भावाचें वस्त्र ओढलें, गरिबास दाराबाहेर ठेविलें, मुलीस सर्वांच्या मागून सोडलें, त्यांच्याच वारसांनीं हळूहळू दारें उघडलीं, आणि शेवटच्याची मोजणी हा आपला पहिला नियम केला.

महोत्सव म्हणजेही एक मोजणीच होय. आजवर किती बाप्तिस्मे झाले, किती विवाह लागले, किती धर्मगुरु व धर्मभगिनी ह्या भूमींतून निघाल्या, हें आपण अभिमानानें मोजूं, आणि तें योग्यच आहे. परंतु त्याबरोबर हेंही विचारूं या कीं, आपल्याबरोबर निघालेला कोण अद्याप पोहोंचलेला नाहीं? कोणत्या घरचा दिवा मंदिरापासून दूर गेला? कोण आजारानें, कोण दारिद्र्यानें, कोण आपल्याच कोणा भावानें वस्त्र ओढल्यामुळें मागें राहिला? त्याचें नांव यादींत लागेपर्यंत आपला महोत्सव पुरा झाला असें न मानण्याचें बळ, तो चांगला मेंढपाळ आपणां सर्वांस देवो.