सायकलचा जीपीएस कसा सेट करायचा आणि त्यात मोफत नकाशे कसे टाकायचे? पालघर-बोईसरच्या उदाहरणासह संपूर्ण माहिती

सायकलसाठी जीपीएस डिव्हाइस घेतलं, हौसेने हँडलवर लावलं, चालू केलं आणि स्क्रीनवर फक्त एक बाण दिसला. ना गाव, ना रस्ता. सेकंडहँड किंवा परदेशातून आणलेल्या डिव्हाइसच्या बाबतीत असं हमखास होतं. डिव्हाइस बिघडलेलं नसतं, त्यात आपल्या भागाचा नकाशा नसतो इतकंच. हा नकाशा मोफत मिळतो आणि तो टाकायला अर्धा-पाऊण तास पुरतो.

पण नुसता नकाशा टाकून काम संपत नाही. पालघर जिल्ह्यात सेटिंग चुकीची राहिली तर डिव्हाइस तुम्हाला ट्रकच्या गर्दीत थेट मुंबई-अहमदाबाद हायवेवर नेऊ शकतं, किंवा संध्याकाळी एखाद्या खाडीच्या काठावर आणून सोडू शकतं. म्हणून या लेखात आपण नकाशा टाकणं, सेटिंग करणं आणि नकाशावर कुठे विश्वास ठेवायचा नाही, हे तिन्ही बघणार आहोत.

जीपीएस वेगळा, नकाशा वेगळा

जीपीएस फक्त एवढंच सांगतो की तुम्ही पृथ्वीवर नेमके कुठे आहात. जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे सिग्नल डिव्हाइस पकडतं आणि किमान चार उपग्रह मिळाले की जागा ठरवतं. याला सिमकार्ड लागत नाही, डेटा लागत नाही. जव्हारच्या घाटात मोबाइलची रेंज गेली तरी जीपीएस चालूच राहतो.

त्या जागेभोवती रस्ते, गावं, नद्या दाखवायचं काम नकाशाचं. तो डिव्हाइसच्या मेमरीत आधीच असावा लागतो. मेमरीत फक्त युरोपचा नकाशा असेल, तर तुम्ही पालघर स्टेशनसमोर उभे आहात हे डिव्हाइसला कळतं, पण दाखवायला त्याच्याकडे काही नसतं.

आधी बघा: तुमच्या डिव्हाइसमध्ये नकाशा चालतो का?

- नकाशा चालणारी मॉडेल्स: गार्मिन एज 530, 830, 1000, 1030, तसंच 540, 840, 1040. यांत बाहेरून नकाशा टाकता येतो.
- नकाशा न चालणारी मॉडेल्स: एज 130 प्लससारखी छोटी डिव्हाइस. यांत फक्त रूटची रेघ दिसते. तुम्ही रेघ सोडली की ते इशारा देतं.
- इतर कंपन्या: वाहू, ब्रायटन, आयजीपीस्पोर्ट यांचे नकाशे त्यांच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये असतात. ते कंपनीच्या ॲपमधून किंवा वेबसाइटवरूनच घ्या. गार्मिनची फाइल त्यांत चालणार नाही.

पुढच्या पायऱ्या गार्मिनसाठी आहेत. मॉडेलप्रमाणे मेनूची नावं थोडी वेगळी दिसतील.

पहिल्यांदा सेट करताना

1. डिव्हाइस पूर्ण चार्ज करा. फोनवर गार्मिन कनेक्ट ॲप टाकून ब्लूटूथने जोडा आणि सॉफ्टवेअर अपडेट करून घ्या.
2. मोकळ्या आकाशाखाली जा आणि डिव्हाइस हलवू नका. खूप दिवस बंद असलेल्या डिव्हाइसला उपग्रह शोधायला वेळ लागतो, कारण उपग्रहाकडून येणारी पूर्ण माहिती मिळायला 12.5 मिनिटं लागतात. म्हणून पहिल्या वेळी चहा होईपर्यंत ते गच्चीवर ठेवून द्या.
3. सॅटेलाइट सेटिंगमध्ये फक्त जीपीएस न ठेवता जीपीएससोबत गॅलिलिओ किंवा ग्लोनास निवडा. घाटात आणि दाट झाडीत फरक पडतो, मात्र बॅटरी थोडी जास्त जाते.
4. रेकॉर्डिंग ‘दर सेकंदाला’ ठेवा. वळणाचे रस्ते नीट नोंदले जातात.
5. उंची हवेच्या दाबावरून मोजणारं मॉडेल असेल तर सुरुवातीच्या जागेची उंची भरा. केळवे किंवा चिंचणीच्या किनाऱ्यावरून निघत असाल तर हे सोपंच आहे, समुद्रसपाटी समोरच असते!

मोफत नकाशा कुठून घ्यायचा?

आपण वापरणार आहोत तो डेटा ओपनस्ट्रीटमॅपचा. ब्रिटनमध्ये 2004 मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प विकिपीडियासारखा चालतो. जगभरातले लोक आपापल्या भागातले रस्ते त्यात भरतात आणि तो डेटा कोणालाही मोफत वापरता येतो. त्यापासून गार्मिनचे नकाशे बनवून देणाऱ्या अनेक साइट्स आहेत. आपल्या भागापुरता छोटा नकाशा हवा असेल तर बीबीबाइकची एक्स्ट्रॅक्ट सेवा सोयीची पडते.

1. ब्राउझरमध्ये बीबीबाइक एक्स्ट्रॅक्ट शोधून उघडा.
2. नकाशावर चौकोन आखा: खाली वसई, वर तलासरी, पूर्वेला जव्हार-मोखाडा आणि पश्चिमेला समुद्र. आकड्यांत सांगायचं तर अक्षांश 19.3 ते 20.3 आणि रेखांश 72.6 ते 73.6.
3. फॉरमॅटमध्ये गार्मिनचे बरेच पर्याय दिसतील. त्यातला ‘सायकल’ किंवा ‘लेझर’ घ्या.
4. इथे एक गोष्ट महत्त्वाची. ‘लॅटिन-1’ आणि ‘यूटीएफ-8’ असे दोन प्रकार असतील तर लॅटिन-1 निवडा. दुसऱ्या प्रकारचे नकाशे काही गार्मिन मॉडेल्स उघडतच नाहीत, उलट नकाशा अधिकृत नसल्याचा एरर देतात. लॅटिन-1 मध्ये गावांची नावं इंग्रजी अक्षरांत दिसतील, पण दिसतील.
5. ईमेल पत्ता द्या. नकाशा तयार झाला की डाउनलोडची लिंक मेलवर येते.

एवढ्या भागाचा नकाशा पूर्ण भारताच्या नकाशापेक्षा कितीतरी लहान होतो, त्यामुळे मोबाइल डेटावरही उतरवता येतो. असा मोफत डेटा टाकून द्यायचे कोणी भरमसाट पैसे मागत असेल, तर आता तुम्हाला माहीत आहे की हे घरी होतं.

नकाशा डिव्हाइसमध्ये टाकणं

1. डिव्हाइस यूएसबी केबलने लॅपटॉपला लावा. पेनड्राइव्हसारखा ‘गार्मिन’ नावाचा ड्राइव्ह दिसेल. केबल डेटाची असावी. नुसती चार्जिंगची केबल असेल तर काहीच दिसणार नाही.
2. आतल्या ‘गार्मिन’ फोल्डरची एक कॉपी लॅपटॉपवर ठेवा. काही बिनसलं तर हीच कामाला येईल.
3. डाउनलोड केलेली झिप फाइल उघडा. त्यात ‘जीमॅपसप’ नावाची आणि आयएमजी प्रकारची एक फाइल असते. ती ‘गार्मिन’ फोल्डरमध्ये टाका. त्या नावाची फाइल तिथे आधीच असेल तर नव्या फाइलला ‘पालघर’ असं इंग्रजीत नाव द्या, शेवटचं आयएमजी तसंच ठेवा.
4. ‘जीमॅपबीमॅप’, ‘जीमॅपप्रॉम’ आणि ‘जीमॅपटीझेड’ या फाइल्सना हात लावू नका. पहिल्या दोन कंपनीच्या मूळ नकाशांच्या आहेत, तिसरी टाइम झोनची. जागा कमी पडते म्हणून यांच्यावर डिलीट मारू नका.
5. ड्राइव्ह ‘इजेक्ट’ करा, केबल काढा, डिव्हाइस पुन्हा चालू करा.
6. ॲक्टिव्हिटी प्रोफाइल, मग नेव्हिगेशन, मग मॅप असं जा. नवा नकाशा चालू करा आणि त्याच भागाचा जुना नकाशा बंद करा. दोन्ही चालू राहिले तर एकावर एक चढतात आणि नवा दिसतच नाही.

लॅपटॉप नाही? अँड्रॉइड फोनला ओटीजी केबलने डिव्हाइस जोडून बघा. जुनी मॉडेल्स बऱ्याचदा फोनवर पेनड्राइव्हसारखी उघडतात आणि फाइल मॅनेजरमधूनच फाइल टाकता येते.

ही सेटिंग चुकवू नका

नेव्हिगेशनमध्ये ‘अव्हॉइडन्स’ नावाची यादी असते, म्हणजे कोणते रस्ते टाळायचे.

- मोठे हायवे टाळा: चालू. वसई-विरारकडून मनोर किंवा चारोटीला जायचा सरळ रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 48. डिव्हाइसच्या हिशोबात तो उत्तम. सायकलवाल्यासाठी तो अवजड वाहनांचा रस्ता आहे.
- फेरी टाळा: चालू. का, ते पुढे येईलच.
- कच्चे रस्ते: रोड बाइक असेल तर टाळा, एमटीबी असेल तर राहू द्या.
- रीकॅल्क्युलेशन: ठरवलेल्या रूटवर जाताना हे बंद ठेवा. नाहीतर चहासाठी जरा आत वळलात की डिव्हाइस स्वतःच्या मनाने नवा रस्ता काढून बसतं.

घरून रूट बनवून न्या

डिव्हाइसला रस्ता ठरवायला सांगण्यापेक्षा रूट घरीच बनवणं केव्हाही चांगलं. जीपीएक्स स्टुडिओ किंवा ब्रॉउटर या मोफत साइट्सवर फोनमधूनच रूट आखता येतो. फाइल जीपीएक्स प्रकारात सेव्ह करा आणि गार्मिन कनेक्ट ॲपमध्ये उघडा. ती ‘कोर्स’ म्हणून सेव्ह होते आणि डिव्हाइसला पाठवता येते. केबल वापरणार असाल तर ‘न्यूफाइल्स’ फोल्डरमध्ये टाका.

शोधताना नावं जपून टाका. ‘तारापूर’ म्हटलं तर तीन ठिकाणं आहेत: चिंचणीला लागून असलेलं तारापूर गाव, बोईसरची तारापूर एमआयडीसी आणि किनाऱ्यावरचं अणुऊर्जा केंद्र. ‘माहीम’ टाकलंत तर डिव्हाइस मुंबईच्या माहीमला निघेल, केळवे-माहीम बाजूलाच राहील. केळव्याचं इंग्रजी स्पेलिंगही दोन-तीन प्रकारे लिहिलेलं दिसतं. नावावर न जाता नकाशावर बोट ठेवून जागा निवडा.

नकाशावर कुठे डोळे झाकून विश्वास ठेवू नये?

खाड्या: सातपाटी आणि मुरबे नकाशावर शेजारी दिसतात, पण मध्ये खाडी आहे. नकाशात तरीची तुटक रेघ असेल तर डिव्हाइस तोच जवळचा रस्ता धरतं. तर चालू आहे का, सायकल घेतात का, भरती-ओहोटीची वेळ काय, हे त्याला कळत नाही. खाडी ओलांडायच्या आधी गावात विचारा.

रेल्वे फाटकं: विरार-डहाणू पट्ट्यात मालगाड्यांच्या नव्या मार्गाचं आणि चौपदरीकरणाचं काम झालंय, चालू आहे. बुलेट ट्रेनचं स्टेशनही बोईसरला होणार आहे. अशा कामात फाटकं बंद होतात, उड्डाणपूल येतात, रस्ते वळतात. दोन वर्षं जुना नकाशा इथे खरंच जुना असतो. दर दोन-तीन महिन्यांनी नवा डाउनलोड करा.

अणुऊर्जा केंद्राचा परिसर: तारापूरचं केंद्र 1969 पासून चालू आहे. नकाशात आतले रस्ते दिसले तरी ते आपल्यासाठी नाहीत. रूट तिकडून जात असेल तर हाताने बाहेर वळवा आणि तिथे फोटो काढत थांबू नका.

पावसाळा: कोणत्या मोरीवरून पाणी वाहतंय हे कुठलाच मोफत नकाशा सांगत नाही. विकतचाही नाही.

चूक दिसली? दुरुस्त करा

विकतच्या नकाशात चूक दिसली तर आपण फक्त वैतागतो. हा नकाशा मात्र तुम्ही स्वतः सुधारू शकता. ओपनस्ट्रीटमॅपवर मोफत खातं काढा आणि अँड्रॉइडवर स्ट्रीटकम्प्लीट ॲप घ्या. ते तुमच्या आसपासच्या रस्त्यांबद्दल साधे प्रश्न विचारतं: रस्ता डांबरी की कच्चा? दिवे आहेत का? उत्तर दिलं की नोंद होते. पाड्यांची नावं, बंद झालेलं फाटक, नवा पूल हे सगळं भरता येतं. भारत सरकारने 15 फेब्रुवारी 2021 ला नकाशाविषयक नियम बरेच सैल केले आहेत, पण संवेदनशील ठिकाणांच्या आतली माहिती भरायच्या भानगडीत पडू नका. आणि गुगल मॅप्सवरून बघून काही उतरवू नका, ती कॉपीराइटची चोरी होते.

तुम्ही केलेला बदल डिव्हाइसमध्ये आपोआप येत नाही. त्यासाठी नकाशा पुन्हा बनवून टाकावा लागतो.

डिव्हाइस घ्यायचं बजेट नसेल तर?

फोन आहे ना! ऑरगॅनिक मॅप्स हे मोफत ॲप याच डेटावर चालतं. घरी वायफायवर महाराष्ट्राचा नकाशा उतरवून घ्या, मग रस्त्यात रेंज नसली तरी चालतं. त्यात सायकलचा रस्ता वेगळा निवडता येतो. तोटे तीन: उन्हात स्क्रीन नीट दिसत नाही, पावसात टच धड चालत नाही आणि स्क्रीन चालू ठेवली की बॅटरी भराभर उतरते. म्हणून स्क्रीन बंद ठेवून फक्त फाट्यावर बघा आणि पॉवर बँक न्या.

नेहमी पडणारे प्रश्न

सायकलचा जीपीएस ठेवायला परवाना लागतो का?
नाही, तो फक्त सिग्नल घेतो. मात्र उपग्रहावरून मेसेज पाठवणारी उपकरणं, उदाहरणार्थ गार्मिन इनरीच, भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. सेकंडहँड घेताना हे तपासा.

नकाशा टाकला पण दिसत नाही?
फाइल ‘गार्मिन’ फोल्डरमध्येच आहे ना, झिप उघडली होती ना आणि मेनूत नकाशा चालू आहे ना, या क्रमाने बघा.

निघण्याआधी एक मिनिट

बॅटरी फुल, नवा नकाशा चालू, हायवे आणि फेरी टाळा चालू, रूट डिव्हाइसमध्ये आणि परत यायची लोकल किती वाजता आहे ते फोनमध्ये. डहाणू-विरार लोकल मुंबईसारख्या दर पाच मिनिटांनी नसतात, आणि ते कुठलंच जीपीएस सांगणार नाही.